ईव्ह ऑनलाइनमध्ये नवे आहात? आधी जीव वाचवायला शिका

ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या ऑनलाइन खेळात माझं पहिलं मालवाहू जहाज युएडामा नावाच्या सिस्टिममध्ये, म्हणजे एका सूर्यमालेत, गेलं. ऑटोपायलट लावून मी खुर्चीवरून उठलो होतो. परत येऊन बघतो तर जहाजाच्या जागी नुसता पॉड, म्हणजे चालकाची सुटकेची कुपी, तरंगतोय आणि भोवती कॅटलिस्ट नावाच्या सात-आठ स्वस्त लढाऊ जहाजांचे सांगाडे. म्हणजे मला मारणारेही मेले होते. पोलिसांनी त्यांना अगदी नियमाप्रमाणे उडवलं होतं. तोवर माझा माल मात्र कोणी भलत्यानेच उचलून नेला होता.

आइसलंडच्या सीसीपी कंपनीने हा खेळ २००३ मध्ये सुरू केला. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर जगभरचे सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात. नवख्यांचा वेगळा गट नाही, लेव्हल बघून जोडी लावणं नाही. वीस वर्षं शिकार करत आलेला माणूस आणि काल खातं उघडलेले तुम्ही एकाच गेटवर, म्हणजे एका सिस्टिममधून दुसरीत जायच्या दारावर, समोरासमोर येता. त्याला लढून हरवायचं कसं, ते इथे सांगत बसत नाही. सुरुवातीच्या काही महिन्यांत स्वसंरक्षण म्हणजे त्याच्या हाती न लागणं. त्याची तयारी स्टेशनच्या डॉकमध्ये बसल्या बसल्या, गोळी सुटण्याच्या कितीतरी आधी होते.

पायरी १: सिस्टिमचा आकडा वाचायला शिका

पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात सिस्टिमच्या नावाशेजारी तिच्या सुरक्षेचा आकडा असतो. १.० ते ०.५ म्हणजे हायसेक, ०.४ ते ०.१ म्हणजे लोसेक, ०.० आणि त्याखाली नलसेक. वर्महोलच्या पलीकडचा प्रदेश नलसेकसारखाच, फक्त तिथे लोकलच्या, म्हणजे त्या सिस्टिमच्या चॅटच्या, यादीत कोण हजर आहे तेही दिसत नाही.

हायसेकमध्ये कुणी तुमच्यावर विनाकारण गोळी झाडली की कॉन्कॉर्ड, म्हणजे खेळातले पोलीस, येतं आणि त्याचं जहाज फोडतं. त्यातून कुणीही सुटत नाही. पण कॉन्कॉर्ड यायला वेळ लागतो: १.० मध्ये साधारण ६ सेकंद, ०.५ मध्ये साधारण १९. नवख्यांची मोठी गफलत इथेच होते. कॉन्कॉर्ड तुम्हाला वाचवायला येत नाही, मारणाऱ्याला शिक्षा करायला येतं. एकोणीस सेकंदांत आठ कॅटलिस्ट किती मारा करतात, हे ज्याला माहीत असतं तो आपली आठ स्वस्त जहाजं आधीच खर्ची टाकून येतो. याला सुसाइड गँक म्हणतात. खेळाच्या नियमांत ते बसतं, त्यामुळे तक्रार करून काही होत नाही. नवख्यांच्या ठरावीक रूकी सिस्टिम तेवढ्या अपवाद आहेत. तिथे नव्या खेळाडूंना छळणं सीसीपीनेच बंद केलं आहे. तिथून बाहेर पडलात की तुम्ही इतरांसारखेच.

तेव्हा ०.५ हा आकडा मनात पिवळा रंगवून ठेवा. ०.९ आणि ०.५ दोन्ही हायसेक असले तरी एक नाहीत.

पायरी २: सेफ्टी हिरवी ठेवा आणि मोह आवरा

सेफ्टीचं गोल बटण सुरुवातीला हिरवं असतं. हिरव्यावर असताना गुन्हा ठरेल अशी कृती खेळच तुम्हाला करू देत नाही. ते तसंच राहू द्या. ‘एकदा पिवळं करून बघ, काही होत नाही’ असं चॅटवर कुणी म्हणालं, तर तो माणूस जवळच कुठेतरी बंदूक भरून बसलाय असं समजा.

अवकाशात पडलेल्या डब्यांना आणि सांगाड्यांना रंग असतो. पांढरा तुमचा, पिवळा दुसऱ्याचा, निळा कुणीही घ्यावा असा सोडलेला. हायसेकमध्ये सेफ्टी उतरवून पिवळ्यातून काही उचललंत की तुम्ही १५ मिनिटं ‘सस्पेक्ट’ होता आणि तेवढा वेळ वाटेल त्याने तुम्हाला मारावं, कॉन्कॉर्ड ढुंकूनही बघत नाही. स्टेशनच्या दारात कुणी पिवळा डबा टाकून ठेवलाय आणि शेजारी एक जहाज निवांत उभं आहे, तर तो डबा म्हणजे गळाला लावलेलं आमिष आहे.

याची उलटी बाजू फारसं कुणी सांगत नाही. स्टेशनबाहेर एखादं जहाज पिवळं लुकलुकत उभं असतं. म्हणजे ते सस्पेक्ट आहे आणि तुम्ही त्याला कायदेशीर मारू शकता. हात शिवशिवतात. पण तुम्ही पहिली गोळी झाडली की त्यालाही तुमच्यावर झाडायची परवानगी मिळते, आणि तो दिसतो तेवढा दुबळा बहुधा नसतो. त्याला दुरुस्त करणारा त्याचा जोडीदारही जवळपास असतो. तिकडे न बघता पुढे जा.

द्वंद्वाचं आमंत्रण आलं तर नाकारा. सेटिंग्जमध्ये ते आपोआप नाकारायची खूणही आहे, ती आजच लावा.

पायरी ३: जहाज बांधताना मारणाऱ्याचा हिशेब मांडा

गँक करणारा माथेफिरू नसतो, तो हिशेबी असतो. गेटवर एक जण कार्गो स्कॅनर घेऊन उभा असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पोटात काय आहे ते बघतो. जहाज फुटलं की आतल्या प्रत्येक वस्तूला वाचण्याची साधारण निम्मी शक्यता असते. म्हणजे तुमच्या मालाची निम्मी किंमत विरुद्ध तुम्हाला फोडायला लागणाऱ्या जहाजांची किंमत. पहिला आकडा मोठा झाला की तुम्ही सावज. त्यामुळे बचावाचे मार्ग दोनच: माल कमी न्या, नाहीतर फोडायला महाग व्हा.

नवा माणूस मालवाहू जहाज घेतो आणि खालच्या सगळ्या स्लॉटमध्ये, म्हणजे उपकरणं बसवायच्या जागांत, कार्गोहोल्ड एक्स्पांडर ठोकतो. पोट मोठं होतं, पण एक्स्पांडरमुळे हल, म्हणजे जहाजाचा मूळ सांगाडा, कमजोर होतो. तुम्ही एकाच वेळी श्रीमंत आणि ठिसूळ झालात. त्याऐवजी एक डॅमेज कंट्रोल आणि उरलेल्या जागी रीइन्फोर्स्ड बल्कहेड लावा, दोन्ही हल चिवट करतात. माल कमी मावेल. दोन फेऱ्या मारा.

शील्ड (बाहेरचं ऊर्जेचं कवच) आणि आर्मर (त्याखालचं चिलखत) दोन्हीकडे थोडं थोडं लावू नका. दोन्ही अर्धवट राहतात. जहाजाचा कल ज्याकडे आहे ते एक धरा. शील्डला मुळात ईएम, म्हणजे विद्युतचुंबकीय, माऱ्याविरुद्ध काहीच प्रतिकार नसतो, त्यामुळे ते भोक बुजवायचा सल्ला सगळीकडे मिळतो आणि खेळच चालवतो त्या जहाजांशी, म्हणजे एनपीसींशी, लढताना तो चुकीचाही नाही. पण कॅटलिस्टच्या ब्लास्टर तोफांमधून कायनेटिक (आघाताचा) आणि थर्मल (उष्णतेचा) मारा येतो. हायसेकमध्ये खाणकाम करायचं असेल तर त्या दोन्हींचा प्रतिकार आधी वाढवा.

खाणकामगारांना आणखी एक सांगतो. खाणकामाच्या तीन जहाजांपैकी कव्हेटर सगळ्यात वेगाने खणतं, रिट्रीव्हरचं पोट मोठं, आणि प्रोक्युरर वेगात कव्हेटरच्या, पोटात रिट्रीव्हरच्या मागे. तरी माझं मत प्रोक्युररलाच, कारण त्याचं कवच जाड आहे. बेल्टमध्ये, म्हणजे खणायच्या लघुग्रहांच्या पट्ट्यात, ही तीन जहाजं उभी असली तर गँकवाला प्रोक्युरर सोडून बाकीच्या दोघांकडे बघतो. सगळ्यात भक्कम असायची गरज नाही, शेजाऱ्यापेक्षा चिवट असलात की भागतं. शेजाऱ्यासाठी हे वाईट आहे, कबूल.

आणि जे जहाज गेलं तर दुसरं घ्यायला पैसे उरणार नाहीत, ते डॉकच्या बाहेर काढू नका. हा इथला सगळ्यात जुना नियम, आणि तो मोडणारे बहुतेक जुनेच खेळाडू असतात.

पायरी ४: प्रवास हाताने करा

ऑटोपायलट तुम्हाला गेटपाशी नेत नाही, गेटपासून सुमारे १५ किलोमीटरवर नेऊन सोडतो आणि उरलेलं अंतर सरपटत कापतो. जंप मारायला, म्हणजे गेटमधून पलीकडे जायला, गेटच्या अडीच किलोमीटरच्या आत यावं लागतं. सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटरने चालणारं मालवाहू जहाज तेवढ्यासाठी जवळपास दोन मिनिटं उघड्यावर राहतं. हाताने ‘वॉर्प टू झिरो’ केलंत, म्हणजे वॉर्पच्या अतिवेगवान झेपेने थेट गेटपाशी उतरलात, तर तीच दोन मिनिटं एखाद-दुसऱ्या सेकंदावर येतात. याहून सोपं उत्तर: ओव्हरव्ह्यूमध्ये, म्हणजे आसपास काय आहे त्याच्या यादीत, पुढच्या गेटवर ‘डी’ दाबून क्लिक करा. जहाज वॉर्प करेल, शून्यावर पोचेल आणि पोचल्याबरोबर जंप मारेल.

मार्ग आखताना पर्याय ‘सेफर’वर ठेवा, नाहीतर सगळ्यात जवळचा रस्ता तुम्हाला मुकाट लोसेकमधून नेतो. निघण्याआधी नकाशावर गेल्या तासात किती जहाजं फुटली ते बघा. झेडकिलबोर्ड या संकेतस्थळावर सिस्टिमचं नाव टाकलं की कोण, कुठे, कशाने मेलं तेही कळतं. युएडामा ०.५ आहे आणि व्यापारी रस्त्यावर आहे, तिथे गर्दी कायमची. पूर्वी जिटा आणि अमार या दोन बाजारपेठांमधल्या रस्त्यावरचं नियारजा असंच कुप्रसिद्ध होतं. २०२० मध्ये खेळातल्या ट्रिग्लाव्हियन या शत्रूच्या आक्रमणात ती सिस्टिमच हायसेकमधून गेली आणि तो रस्ता तुटला. शिकारी तिथून उठून दुसऱ्या गेटवर जाऊन बसले, एवढंच.

लोसेकमध्ये शिरायचं असेल तर पुढचा परिच्छेद दोनदा वाचा.

गेटमधून पलीकडे गेलात की तुम्ही ६० सेकंदांपर्यंत अदृश्य असता. हलल्याशिवाय कुणाला दिसत नाही. तेव्हा काहीही दाबू नका. आधी ओव्हरव्ह्यू बघा. गेटवर चार-पाच जहाजं टपून असतील तर तो गेट कॅम्प. जहाज चपळ असेल तर नाकासमोरच्या एखाद्या ग्रहाकडे वॉर्प करा, स्टेशनकडे नको, कारण तिथे तुमचा माग काढणं सोपं. जहाज जड असेल तर वॉर्पला लागणारा वेळ तुमच्याकडे नाही. थांबलेल्या जहाजाला आधी नाक वळवावं लागतं आणि कमाल वेगाच्या पाऊणपट वेग गाठावा लागतो, मगच वॉर्प लागतो. तेवढ्यात ते तुम्हाला लॉक करतात, म्हणजे नेम पक्का करतात. अशा वेळी उलटं फिरा, ज्या गेटमधून आलात त्याकडेच पूर्ण वेगाने जा आणि परत जंप मारा.

आणि कितीही राग आला तरी उलट गोळी झाडू नका. जो गोळी झाडतो त्याला ६० सेकंद गेट वापरता येत नाही. त्यांनी झाडली आहे, तुम्ही नाही, म्हणजे तुम्ही पलीकडे जाल आणि झाडणारे इकडेच अडकतील. ड्रोन बाहेर असतील आणि ते आपणहून हल्ला करायच्या सेटिंगवर असतील, तर तीही तुमचीच गोळी धरली जाते. ड्रोन पॅसिव्हवर ठेवायची सवय लावा.

लोसेकमधली एक दिलासा देणारी गोष्ट म्हणजे तिथे बबल, म्हणजे वॉर्प रोखणारा गोळा, लावता येत नाही. नलसेकमध्ये आणि वर्महोलमध्ये येतो. बबलमध्ये सापडलेलं जहाजच काय, पॉडसुद्धा वॉर्प करू शकत नाही. पहिल्या महिन्यात तिकडे जायचंच असेल तर रिकाम्या खिशाने जा.

पायरी ५: कान आणि डोळे

लोकल चॅट म्हणजे गप्पांची खिडकी नव्हे, हजेरीपट आहे. ती खिडकी वेगळी काढून उभी लांब करा, म्हणजे सगळी नावं एका नजरेत दिसतील. सिक्युरिटी स्टेटस, म्हणजे खेळाडूच्या वागणुकीचा आकडा, उणे ५ किंवा त्याखाली असलेला माणूस हायसेकमध्येही कायम मारण्याजोगा असतो, आणि तो तिथे बेल्टची शोभा बघायला आलेला नसतो.

दुसरं साधन डी-स्कॅन. ‘व्ही’ दाबलं की सुमारे १४ एयूपर्यंतची (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) जहाजं यादीत येतात. एक उदाहरण देतो. लोसेकमध्ये व्हेंचर हे छोटं खाणजहाज घेऊन मी बेल्टवर खणत होतो. लोकलमध्ये एकटाच. जहाजाचं नाक आधीपासून स्टेशनकडे वळवलेलं. आकडा १ चा २ झाला. नावावर क्लिक केलं: उणे आठ. डी-स्कॅन दाबला, पूर्ण पल्ल्यावर थ्रॅशर नावाचं एक लढाऊ जहाज. पल्ला कमी करून १ एयूवर आणला, यादी रिकामी. पुन्हा दाबला, रिकामी. तिसऱ्यांदा दाबला आणि थ्रॅशर १ एयूच्या आत होता. म्हणजे तो माझ्याच बेल्टकडे येत होता. मी वॉर्प दाबला. तो उतरला तेव्हा त्याला माझी पाठ दिसली असेल, नसेलही.

हे सगळं जेमतेम पंधरा-वीस सेकंदांत घडलं आणि खरं सांगायचं तर मी दोन स्कॅन उगाच जास्त केले. लोसेकमध्ये आकडा वाढला की तत्काळ निघायचं. बेल्ट सगळ्यांच्याच यादीत असतो, तिथे यायला शोधाशोध करावी लागत नाही. मिशनच्या जागेवर असाल तर थोडा अवधी मिळतो, कारण तुम्हाला हुडकायला त्याला प्रोब, म्हणजे शोधयंत्रं, सोडावे लागतात. डी-स्कॅनमध्ये ‘कॉम्बॅट स्कॅनर प्रोब’ दिसले की ते तुमच्यासाठीच आहेत असं धरून चला.

व्हेंचर नवख्यांसाठी चांगलं ते यासाठीही, की त्याच्या वॉर्प कोअरला मुळातच +२ बळ आहे. वॉर्प रोखणाऱ्या उपकरणांपैकी साध्या वॉर्प डिसरप्टरचं बळ १, साध्या स्क्रॅम्बलरचं २. एकट्या साध्या स्क्रॅम्बलरने व्हेंचर अडत नाही.

पायरी ६: पकडले गेलात तर

साधा डिसरप्टर २० किलोमीटरपर्यंत पोचतो, साधा स्क्रॅम्बलर साडेसात. स्क्रॅम्बलर लागला की मायक्रोवॉर्पड्राइव्हही (एमडब्ल्यूडी, जहाजाचा वेग वाढवणारं यंत्र) बंद पडतो. म्हणजे पळायचं असेल तर आधी त्याचा पल्ला तोडायचा. एमडब्ल्यूडी चालू असेल तर त्याच्यापासून थेट दूर जा. तो चिकटून बसला असेल आणि एकटाच फ्रिगेट, म्हणजे लहान लढाऊ जहाज, असेल, तर सगळे ड्रोन त्याच्यावर सोडा. या एकाच प्रसंगी मी लढा म्हणतो. अडकवणारं जहाज बहुतेक वेळा हलकं असतं आणि ते मेलं किंवा घाबरून लांब गेलं की वॉर्प मोकळा होतो. हायसेकमध्ये गँक सुरू झाला असेल तर शील्ड बूस्टर लावा, जमेल ते उपकरण ओव्हरहीट करा, म्हणजे क्षमतेबाहेर ताणा, आणि कॉन्कॉर्ड येईपर्यंत सेकंद मोजा.

जहाज वाचणार नाही हे दिसलं की त्याचा नाद सोडा. स्फोट होण्याआधीच एखादा ग्रह निवडून ठेवा आणि पॉडमध्ये पडताक्षणी वॉर्प, वॉर्प, वॉर्प दाबत राहा. पॉड फार चटकन वळतो. लोसेकमध्ये हात जलद असेल तर तो बहुतेकदा सुटतो. पॉड गेला तर तुम्ही क्लोनमध्ये, म्हणजे राखीव शरीरात, जागे होता, शिकलेलं काही जात नाही, पण डोक्यातली इम्प्लांट, म्हणजे क्षमता वाढवणारी उपकरणं, जातात. म्हणून महागडी इम्प्लांट घालून धोक्याच्या भागात जाऊ नका.

‘इतके इस्क दे, सोडतो’ असा निरोप येतो (इस्क म्हणजे खेळातले पैसे). देऊ नका. पैसे घेऊन मारायला त्याला कुणाची आडकाठी नाही.

पायरी ७: गोड बोलणारे

बंदुकीने जितके नवे खेळाडू नागवले जातात, त्याहून जास्त तोंडाने जात असतील असा माझा अंदाज आहे. जिटात शिरलात की लोकलमध्ये ‘पैसे पाठवा, दुप्पट करून देतो’ची रांग लागलेली असते. लहान रक्कम खरंच दुप्पट होऊन येते, मोठी येत नाही.

कुरियर कॉन्ट्रॅक्ट घेताना पोचवायची जागा कुठे आहे आणि कोलॅटरल, म्हणजे तारण, किती, ते बघा. लहानसं पार्सल, भरघोस मोबदला, अवाढव्य कोलॅटरल आणि मुक्काम लोसेकमध्ये, म्हणजे पाठवणारा गेटवर तुमची वाट बघतोय. पार्सल फुटलं की कोलॅटरल त्याच्या खिशात. विक्रीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तुम्ही देणार आहात की मिळणार आहे, ती ओळ नीट वाचा.

कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात (थोडक्यात कॉर्प), जरूर शिरा, एकट्याने हा खेळ लवकर विटतो. पण फ्रेंडली फायर चालू असलेल्या कॉर्पमध्ये सहकारी तुम्हाला हायसेकमध्येही कायदेशीर मारू शकतात. हे आधी विचारा. पहिल्याच दिवशी ‘तुझं सगळं सामान आण, आपण नलसेकला हलतोय’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. युद्ध पुकारता येतं ते फक्त स्वतःचं स्ट्रक्चर, म्हणजे अवकाशातलं ठाणं, असलेल्या कॉर्पवर, आणि लढाई २४ तासांनी सुरू होते. तोवर ठरवायला वेळ मिळतो. खेळानेच चालवलेल्या एनपीसी कॉर्पमध्ये असाल तर हा प्रश्नच नाही.

मेल्यानंतर

चॅटवर शिव्या देऊ नका, काही जण तेवढ्यासाठीच खेळतात. किलमेल, म्हणजे जहाज फुटल्याचा अहवाल, उघडा. तुमच्यावर किती मारा झाला, कुठल्या शस्त्राने, तुमच्या कुठल्या स्लॉटमध्ये काहीच नव्हतं, सगळं त्यात असतं. मग मारणाऱ्याला सरळ विचारा, ‘माझं काय चुकलं?’ मला युएडामात मारणाऱ्यांपैकी एकाने चांगलं परिच्छेदभर उत्तर लिहिलं होतं. त्यातलं बरंचसं वर तिसऱ्या पायरीत आलं आहे.

एकदा हे कळलं की एक सराव करा. पाच स्वस्त फ्रिगेट घ्या, सारख्याच बांधा, इम्प्लांट नसलेल्या क्लोनमध्ये जा आणि हायसेकला लागून असलेल्या लोसेकमध्ये एकेक घेऊन शिरा. तीन सिस्टिम पलीकडे जाऊन परत यायचं, इतकंच काम. पहिल्या फेरीत गेट कॅम्पसमोर अदृश्य असताना हात थरथरतात आणि नको ते बटण दाबलं जातं. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ते साठ सेकंद लांबलचक वाटायला लागतात. एखादी फ्रिगेट परत आली तर तिला हँगरमध्ये जपून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी तीच घेऊन बाहेर पडा.